सुरतेतील विद्यागौरवाची परंपरा

देवस्थानच्या वार्षिक उत्सवात किंवा महाजनांच्या सभेत शालान्त परीक्षेत यश मिळविलेल्या मुलामुलींचा गौरव करण्याची प्रथा आता सर्वत्र रूढ झालेली आहे. विद्यार्थ्याचे नाव पुकारले जाते, तो व्यासपीठावर येतो, वडीलधाऱ्यांस नमस्कार करतो आणि श्रीफळ, पुस्तक व एखादे पाकीट हाती घेऊन खाली उतरतो. हा सोहळा आपल्या अंगवळणी इतका पडला आहे की तो पूर्वापार चालत आलेला असावा असेच कोणासही वाटावे. वस्तुतः आज ज्या स्वरूपात तो होतो त्या स्वरूपास पश्चिम भारतात पुरी दोनशे वर्षेही झालेली नाहीत. त्याचा आरंभ मुंबईस झाला, आणि मुंबईबाहेर ज्या नगरांत तो लवकर रुजला त्यांत तापीकाठच्या सुरतेचे स्थान मानाचे आहे. सुरतेच्या या इतिहासात मराठी माणसांची नावे आढळतात, गोव्याच्या मातीतील एका थोर पुरुषाचा त्याच्याशी संबंध येतो, आणि बक्षीस कोणी द्यावे व कोणास द्यावे या आजच्याही प्रश्नास त्यातून काही उत्तर मिळते. म्हणून तो थोड्या विस्ताराने पाहणे उचित होईल.

प्रथम एका शब्दाचा विचार करू. 'महाजन' म्हटले की गोमंतकीय वाचकाच्या मनात देवालयाची स्थापना करणाऱ्या व त्याचा कारभार वंशपरंपरेने सांभाळणाऱ्या कुळांचे चित्र उभे राहते. सुरतेत व एकूणच गुजरातेत या शब्दाचा अर्थ निराळा आहे. तेथे महाजन म्हणजे व्यापाऱ्यांचा किंवा एखाद्या धंद्यातील लोकांचा संघ. सराफांचे महाजन असे, कापडवाल्यांचे असे; नगरशेठ त्यांचा अग्रणी. हे महाजन धंद्याचे नियम ठरवीत, तंटे मिटवीत, लागा बसवून पैसा उभा करीत आणि तो धर्मकार्यास लावीत. सुरतेची पांजरापोळ, जिचे वर्णन अनेक युरोपीय प्रवाशांनी आश्चर्याने करून ठेवले आहे, ती याच परंपरेतली. लंगडी गुरे, म्हातारे घोडे, जखमी पक्षी यांची तेथे सोय होत असे. गोव्यातील महाजन देवासाठी एकत्र आले, सुरतेतील व्यापारासाठी. परंतु समाजाचा पैसा समाजाच्या स्वाधीन ठेवून तो सर्वांच्या कामी लावावयाचा, ही मूळ कल्पना दोन्हीकडे एकच होती. पांजरापोळीसाठी हात सैल सोडणाऱ्या त्या नगरात मुलांच्या विद्येसाठी हात केव्हा व कसा सैल झाला, हीच या लेखाची कथा आहे.

ज्या काळात ही कथा सुरू होते त्या काळात सुरतेचे वैभव मावळलेले होते. मोगलांच्या अमदानीत मक्केच्या यात्रेकरूंचे आणि जगातील व्यापाऱ्यांचे हे बंदर. इंग्रज, वलंदेज, फरासीस सर्वांच्या वखारी येथे होत्या. पुढे मुंबई वाढली आणि सुरत ओसरत गेली. त्यातच इ. स. १८३७ च्या एप्रिल महिन्याच्या २४ तारखेस शहरास भयंकर आग लागली. तीत ९,३७३ घरे जळाल्याची नोंद आहे. त्याच वर्षी तापीला मोठा पूर आला. पुष्कळ श्रीमंत पारशी व हिंदू कुटुंबे मुंबईस निघून गेली. इ. स. १८५१ च्या गणतीत शहराची वस्ती अवघी ८९,५०५ भरली. जहाजे गेली, पेढ्या गेल्या. मागे राहिलेल्यांच्या मुलांनी पोट कशावर भरावे हा प्रश्न उभा राहिला. विद्येविषयीची नवी आस्था या ओढवलेल्या गरजेतून जन्मास आली.

त्यापूर्वी शिक्षण नव्हते असे नाही. पंतोजींच्या गावठी शाळा महाराष्ट्रात होत्या, तशा गुजरातेतही होत्या. धुळपाटीवर अक्षरे गिरविणे, आंक पाठ करणे, हिशेब व पत्रलेखन एवढे झाले की मुलगा दुकानात बसे. या व्यवस्थेत देणे शिष्याकडून गुरूकडे जाई. शिधा, सणावारी दक्षिणा, एखादा पाठ पुरा झाला म्हणजे वस्त्र किंवा नारळ. शिकणाऱ्यास समाजाने काही द्यावे ही कल्पना तेथे नव्हती. ती होती राजदरबारी, आणि तीही विद्वान ब्राह्मणांपुरती. पुण्यास पेशव्यांच्या काळात श्रावणात दक्षिणेचा रमणा भरे आणि दूरदूरचे शास्त्रीपंडित तेथे येत. इंग्रजी राज्य आल्यावर ही दक्षिणा हळूहळू पालटली. इ. स. १८४९ च्या सुमारास लोकहितवादींसारख्या तरुणांनी मागणी केली की हा पैसा जात पाहून न देता मराठीत चांगला ग्रंथ लिहिणाऱ्या कोणासही द्यावा. त्यांस सनातनी मंडळींचा रोष सोसावा लागला, परंतु इ. स. १८५१ मध्ये दक्षिणा प्राइझ कमिटी स्थापन झाली आणि जन्मावर मिळणारे दान गुणांवर मिळणारे पारितोषिक झाले. वरवर पाहता हा हिशेबातील बदल होता. पण समाजाच्या दृष्टीने तो फार मोठा पालट होता.

सुरतेकडे वळू. बाँबे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीने मुंबईस शिकवून तयार केलेले मेहताजी, म्हणजे शिक्षक, इ. स. १८२६ च्या सुमारास गुजरातेत पाठविले आणि सुरत, भडोच, अहमदाबाद इत्यादी ठिकाणी गुजराती शाळा उघडल्या. सुरतेच्या शाळेस दुर्गाराम मंछाराम मेहताजी यांच्यासारखा शिक्षक लाभला. दुर्गाराम (१८०९–१८७६) हे नागर ब्राह्मण, बोलण्यात निर्भीड, विधवाविवाहाचे पुरस्कर्ते आणि भूतपिशाच्च, मंत्रतंत्र यांचे कट्टर विरोधक. इ. स. १८४२ मध्ये त्यांनी सुरतेत शिळाप्रेस आणवून पुस्तकप्रसारक मंडळी काढली. त्याच वर्षी सुरतेत सरकारी इंग्रजी शाळा सुरू झाली. जळालेल्या शहराची घरे अजून पुरती उभी राहिली नव्हती, तोच तेथे छापखाना व इंग्रजी शाळा आली, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

या इंग्रजी शाळेत मुंबईहून साहाय्यक शिक्षक म्हणून आले ते दादोबा पांडुरंग तर्खडकर. मराठी वाचकांस त्यांची ओळख व्याकरणकार म्हणून आहे. इ. स. १८३६ साली त्यांनी 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांचे वय अवघे बावीस होते. ते काही काळ माळव्यात जावऱ्याच्या नबाबाचे शिक्षक होते. तेथून परतल्यावर मुंबईस व नंतर सुरतेस त्यांनी अध्यापन केले. गोमंतकीयांस अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे दादोबांचे आत्मचरित्र इ. स. १९४७ मध्ये साक्षेपाने संपादून महाराष्ट्रापुढे ठेवले ते प्रियोळचे सुपुत्र प्रा. अनंत काकबा प्रियोळकर यांनी. प्रियोळकरांचे हे कष्ट नसते तर त्या पिढीच्या जीवनातील कितीतरी तपशील काळाच्या उदरात गडप झाला असता.

त्या काळी मुंबई इलाख्यातील सरकारी शाळांची वार्षिक परीक्षा बंद खोलीत कागदावर होत नसे. ती चारचौघांत होई. ठरल्या दिवशी साहेब अधिकारी, शहरातील शेठ व सावकार आणि मुलांचे पालक जमत. मुले रांगेने उभी राहत. पाहुण्यांपैकी कोणीही प्रश्न विचारावा. मुलाने वाचून दाखवावे, नकाशावर नदी दाखवावी, फळ्यावर गणित सोडवावे. मग अहवाल वाचला जाई, भाषणे होत आणि शेवटी हुशार मुलांस बक्षीस म्हणून पुस्तके वाटली जात. मुलाची परीक्षा होई, तशीच मास्तरांचीही होई. आणि खरे पाहता सर्वांत मोठी परीक्षा समोर बसलेल्या शहराची होई. सावकाराच्या मुलाच्या शेजारी गरीब भटजीचा मुलगा उभा असे आणि उत्तर बरोबर आले तर पुस्तक त्याच्या हाती पडे. हे दृश्य पाहून घरी जाणारा माणूस शाळेविषयी निराळा विचार करू लागे. ज्या काळी इंग्रजी शिकल्याने धर्म बुडतो अशी समजूत होती, त्या काळी त्या एका पुस्तकाने पुष्कळ पालकांची भीती घालविली असेल.

शाळेतून उठलेल्या या विचारांचे लोण बाहेरही पोहोचले. इ. स. १८४४ च्या जून महिन्याच्या २२ तारखेस सुरतेत मानवधर्म सभा स्थापन झाली. दुर्गाराम मेहताजी, दादोबा पांडुरंग, दिनमणिशंकर, दलपतराम मास्तर व दामोदरदास हे तिचे प्रमुख. पाचांचीही नावे 'द' या अक्षराने सुरू होत. सर्व मानवांचा ईश्वर एक, धर्म एक, आणि माणसाची थोरवी जातीवर नव्हे तर गुणांवर ठरावी, असे ही मंडळी सांगत. मांत्रिकांनी आपली करामत उघड करून दाखवावी असे जाहीर आव्हान त्यांनी दिले होते. दादोबांनी 'धर्मविवेचन' हा ग्रंथ याच काळात, इ. स. १८४३ मध्ये लिहिला. तो छापून मात्र इ. स. १८६८ मध्ये आणि तोही टोपणनावाने निघाला. दादोबा इ. स. १८४६ मध्ये मुंबईस गेले आणि सभा मंदावली. परंतु पुढे मुंबईस परमहंस सभा व त्यानंतर इ. स. १८६७ मध्ये प्रार्थना समाज उभा राहिला, त्यांचे एक मूळ सुरतेच्या त्या शाळामास्तरांच्या बैठकीत होते. गुण पाहून बक्षीस देणारी शाळा आणि गुण पाहून माणूस तोलणारी सभा ही एकाच विचाराची दोन अंगे होत.

याच सुमारास मुंबईत एका गोमंतकीय विद्यार्थ्याने एक बक्षीस जिंकले आणि त्या बक्षिसाचा विषय गुजरातचा होता. पेडणे महालातील मांद्रे गावात जन्मलेले रामकृष्ण विठ्ठल लाड, म्हणजेच डॉ. भाऊ दाजी, गरिबीत वाढून एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये शिकले. काठेवाड व कच्छ प्रांतांतील जाडेजा व इतर रजपूत घराण्यांत मुलगी जन्मली की तिला मारून टाकण्याची दुष्ट चाल होती. तिच्याविरुद्ध उत्तम निबंध लिहिणारास मुंबई सरकारने पारितोषिक जाहीर केले. भाऊंच्या निबंधास ते मिळाले आणि इ. स. १८४७ च्या सुमारास तो छापून निघाला. पुढे ग्रँट मेडिकल कॉलेजातून इ. स. १८५१ मध्ये जे पहिले आठ डॉक्टर बाहेर पडले त्यांत भाऊ दाजी होते, दादोबांचे बंधू आत्माराम पांडुरंग होते, आणि जुझे कामिलु लिस्बोआ हेही होते. प्रियोळकरांनी इ. स. १९७१ मध्ये भाऊंचे विस्तृत चरित्र प्रसिद्ध केले आहे. येथे सांगावयाचे ते एवढेच की, ज्या मुलींना जन्मताच जग सोडावे लागे त्यांची बाजू मांडण्याबद्दल गोव्याच्या एका मुलास बक्षीस मिळाले. पुढे गुजरातच्या एका मुलीस जे बक्षीस मिळावयाचे होते त्याच्याशी हे ताडून पाहण्यासारखे आहे.

परंतु मुलींच्या वाट्यास बक्षीस येण्यापूर्वी शाळा यावयास हवी होती. मुंबईत स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटीच्या तरुणांनी इ. स. १८४९ मध्ये मुलींच्या शाळा काढल्या. भाऊ दाजी या संस्थेचे पहिले हिंदी अध्यक्ष झाले. सुरतेतही कन्याशाळा निघाल्या. तेथील रायचंद दीपचंद कन्याशाळा एका शेठजीच्या नावाची आहे. ज्या शहरात धनिकाचा पैसा परंपरेने पांजरापोळीकडे जाई, तेथे तो मुलींच्या पाटीपुस्तकाकडे वळला, ही गोष्ट लहान नव्हे. इ. स. १८६६ मध्ये इंग्लंडातील प्रसिद्ध समाजसेविका मेरी कार्पेंटर हिंदुस्थानात आल्या, तेव्हा अहमदाबादेबरोबर सुरतेसही त्यांनी भेट दिली. त्यांचे एक आग्रहाचे सांगणे असे की, मुलींना शिकविण्यासाठी प्रथम स्त्री-शिक्षिका तयार करा. बक्षिसे व खाऊ वाटून मुली शाळेत येतील. पण त्या तेथे टिकाव्यात व पुढे शिकाव्यात यासाठी काही अधिक करावे लागेल, हे त्यातील मर्म होते.

सुरतेच्या इंग्रजी शाळेची कीर्ती वाढविणाऱ्या विद्यार्थ्यांत नंदशंकर तुळजाशंकर मेहता (१८३५–१९०५) यांचे नाव अग्रभागी येते. हेन्री ग्रीन या इंग्रज मुख्याध्यापकांच्या हाताखाली ते शिकले आणि इ. स. १८५८ मध्ये त्याच शाळेचे पहिले हिंदी हेडमास्तर झाले. सुरत त्यांस 'मास्तरसाहेब' म्हणून ओळखे. इ. स. १८६६ साली त्यांनी लिहिलेली 'करण घेलो' ही गुजरातीतील पहिली कादंबरी म्हणून मान्यता पावली आहे. पुढे त्यांनी सरकारी व संस्थानी कारभारात मोठे अधिकार भोगले; परंतु लोकांच्या तोंडी 'मास्तर' हीच पदवी राहिली. ज्या शाळेच्या बाकावर बसून उत्तरे दिली तिच्याच खुर्चीवर बसून प्रश्न विचारण्याचा अधिकार मिळणे, याहून मोठे बक्षीस त्या काळात कोणास मिळाले असेल?

इ. स. १८५७ मध्ये मुंबई विश्वविद्यालय स्थापन झाले आणि इ. स. १८५९ पासून मॅट्रिकची परीक्षा सुरू झाली. येथून बक्षिसाचे स्वरूप पालटले. शहरापुरता असलेला गौरव साऱ्या इलाख्याचा झाला. सुरत, पुणे, रत्नागिरी, धारवाड, कराची येथील मुले एकाच प्रश्नपत्रिकेस बसू लागली. गोव्यातील हिंदू मुलांस या परीक्षेसाठी बहुधा मुंबई, बेळगाव वा धारवाड गाठावे लागे. त्याबरोबर एक नवी पद्धत रूढ झाली. थोर माणसाच्या स्मरणार्थ त्याचे मित्र किंवा वारस विश्वविद्यालयाकडे रक्कम ठेवीत आणि तिच्या व्याजातून दरवर्षी एका गुणी विद्यार्थ्यास पारितोषिक मिळे. मूळ रक्कम अक्षय, नाव अक्षय आणि विद्यार्थी दरवर्षी नवा. देवापुढील नंदादीपासाठी तेलाची कायम नेमणूक करून ठेवणाऱ्या महाजन कुटुंबांस ही रीत समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

या पारितोषिकांची यादी चाळली असता एक गोष्ट लक्षात येते. देणारा एका जातीचा, एका प्रांताचा; घेणारा भलत्याच जातीचा व प्रांताचा. नाना शंकरशेट हे दैवज्ञ समाजातील मुंबईचे अग्रणी. त्यांच्या नावाच्या संस्कृत शिष्यवृत्तीपैकी पहिली इ. स. १९१२ मध्ये मॅट्रिकला पहिल्या आलेल्या चिंतामण द्वारकानाथ देशमुख या कुलाबा जिल्ह्यातील कायस्थ मुलास मिळाली. तेच पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर व भारताचे अर्थमंत्री झाले. मांद्र्याच्या भाऊ दाजींच्या नावाचे संस्कृतचे पारितोषिक इ. स. १९०१ मध्ये बी. ए. ला पांडुरंग वामन काणे यांस मिळाले. काणे कोकणातील चित्पावन. धर्मशास्त्राच्या इतिहासाचे कर्ते म्हणून त्यांस इ. स. १९६३ मध्ये भारतरत्न हा बहुमान प्राप्त झाला. त्याच काण्यांनी एम. ए. ला झाला वेदान्त पारितोषिक मिळविले. हे झाला म्हणजे जुनागडचे दिवाण गोकुळजी संपत्तिराम झाला, काठेवाडातील नागर गृहस्थ. म्हणजे गोव्याचे नाव आणि काठेवाडचे नाव एका कोकणी मुलाच्या हाती एकत्र आले.

देणे कोकणातून गुजरातेकडेही गेले. सावंतवाडीकडील माणगावचे नारायण महादेव परमानंद (१८३८–१८९३) हे 'मामा परमानंद' या नावाने विख्यात होते. प्रार्थना समाजाचे ते आधारस्तंभ, पत्रकार, संस्थानी कारभाराचे जाणकार आणि प्रसिद्धीपासून सदैव दूर राहणारे. त्यांच्या नावाचे एक पारितोषिक मॅट्रिकसाठी होते. इ. स. १९१३ मध्ये बडोद्याहून मॅट्रिक झालेल्या एका मुलीस हे नारायण परमानंद पारितोषिक व त्याबरोबर चॅटफील्ड पारितोषिक अशी दोन्ही मिळाली. चॅटफील्ड हे मुंबई इलाख्याचे विद्याखात्याचे डायरेक्टर होते. ती मुलगी म्हणजे सुरतेच्या नंदशंकर मास्तरांची नात, मनुभाई मेहतांची कन्या हंसा. तिचा जन्म सुरतेतच, इ. स. १८९७ च्या जुलै महिन्यात झाला होता.

हंसाबाई इ. स. १९१८ मध्ये तत्त्वज्ञान घेऊन बी. ए. झाल्या. इ. स. १९२४ मध्ये त्यांनी जातीबाहेर, डॉ. जीवराज मेहता यांच्याशी विवाह केला, तेव्हा ज्ञातीत मोठे वादळ उठले. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी मात्र त्यांस पाठिंबा दिला. स्वातंत्र्यलढ्यात त्यांनी तुरुंगवास पत्करला. इ. स. १९४७ च्या ऑगस्टच्या १४ तारखेच्या मध्यरात्री घटना समितीत भारतीय स्त्रियांच्या वतीने राष्ट्रध्वज अर्पण करण्याचा मान त्यांस मिळाला. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगावर त्या भारताच्या प्रतिनिधी होत्या. इ. स. १९४८ च्या जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात केवळ पुरुषवाचक शब्द होता. त्याऐवजी सर्व मानव असा अर्थ येईल असे शब्द त्यांच्या आग्रहाने घातले गेले. इ. स. १९४९ पासून बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विश्वविद्यालयाच्या त्या कुलगुरू होत्या.

शतकभरापूर्वी सुरतेत मानवधर्म सभेने सर्व माणसे एक असे म्हटले होते. त्या सभेच्या प्रमुखांपैकी एक मराठी मास्तर ज्या इंग्रजी शाळेत शिकवीत होते, त्याच शाळेचा विद्यार्थी व हेडमास्तर असलेल्या गृहस्थाची ही नात. जन्मताच मारल्या जाणाऱ्या मुलींची कैफियत लिहून गोव्याच्या एका तरुणाने बक्षीस मिळविल्यास सहासष्ट वर्षे लोटली होती, तेव्हा त्याच गुजरातच्या या मुलीने कोकणातील एका सज्जनाच्या नावाचे बक्षीस घेतले. या सर्व गोष्टी कोणी ठरवून घडवून आणल्या नाहीत. पण ज्यांनी पैसा ठेवताना 'फक्त आमच्यांसाठी' ही अट घातली नाही, त्यांच्या उदारपणामुळे त्या घडू शकल्या.

गोव्यातही अशीच जागृती झाली, थोड्या उशिराने व अधिक कष्टाने. पणजीस इ. स. १८५४ मध्ये लिसेव स्थापन झाले. तेथे पोर्तुगीज भाषेतून उत्तम शिक्षण मिळे आणि वीसपैकी गुण देण्याची त्यांची कडक रीत प्रसिद्धच आहे. परंतु मराठी शिक्षणाची सोय सरकारने करावी अशी अपेक्षा धरण्यात अर्थ नव्हता. इ. स. १९१० मध्ये पोर्तुगालात लोकसत्ता आली आणि हिंदूंस बरोबरीचे हक्क मिळाले. त्या आगेमागे शाळा निघाल्या. पणजीची मुष्टिफंड संस्था इ. स. १९०८ ची. प्रत्येक घरातून मूठभर तांदूळ गोळा करून शाळा चालवावयाची, अशी तिची सुरुवात तिच्या नावातच नमूद आहे. सुरतेत सार्वजनिक एज्युकेशन सोसायटी इ. स. १९१२ मध्ये स्थापन झाली आणि इ. स. १९१८ मध्ये तिने कॉलेज काढले. एकीकडे शेठांच्या देणग्या, दुसरीकडे गृहिणींची मूठ. परंतु दोन्ही संस्थांचे द्वार सर्वांस खुले होते.

बक्षिसाचा इतिहास सांगताना ज्यांस बक्षीस मिळाले नाही त्यांचे स्मरण न करणे अन्यायाचे होईल. सुरतेचा सर्वांत थोर पुत्र कवी नर्मद (१८३३–१८८६) याने कॉलेज अर्धवट सोडले. इ. स. १८५८ मध्ये शिक्षकाची नोकरीही सोडून त्याने लेखणीवर भरवसा ठेवला, कर्ज सोसले आणि एकट्याच्या बळावर गुजरातीचा 'नर्मकोश' रचून इ. स. १८७३ मध्ये प्रसिद्ध केला. आज सुरतेचे विश्वविद्यालय वीर नर्मद दक्षिण गुजरात विश्वविद्यालय या नावाने ओळखले जाते, इ. स. २००४ मध्ये त्यास हे नाव देण्यात आले. दरवर्षी पदवीदान समारंभात तेथे जी सुवर्णपदके दिली जातात, ती पदवी न घेतलेल्या एका पुरुषाच्या नावाखाली दिली जातात. गुणपत्रिका माणसाचे सारे मोल सांगू शकत नाही, याचे याहून बोलके उदाहरण शोधण्याची गरज नाही.

आजची सुरत पुन्हा धनवान झाली आहे. हिरे व कापड या धंद्यांनी तिला गतवैभव परत दिले. या धंद्यांत कष्ट करणाऱ्यांत खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे फार मोठ्या संख्येने आहेत. ताप्ती व्हॅली रेल्वेने सुमारे सव्वाशे वर्षांपूर्वी सुरत व खानदेश जोडले आणि ही वाट मोकळी झाली. उधना, लिंबायत या भागांत मराठी बोल सर्रास ऐकू येतो, आणि सुरत महानगरपालिकेची नगर प्राथमिक शिक्षण समिती गुजरातीबरोबर मराठी माध्यमाच्याही शाळा चालविते. यंत्रमागावर पाळी करणाऱ्या बापाच्या मुलाने त्या शाळेत पहिला क्रमांक मिळविला तर त्याचे नाव कोणत्या व्यासपीठावरून पुकारले जाते? नातेवाईक गावी, गाव दूर, आणि ज्या शहरात राहावयाचे तेथील कोणत्याही ज्ञातिसंस्थेच्या यादीत त्याचे नाव नाही. बक्षिसाची खरी गरज अशाच मुलास असते.

दुसरीही एक गोष्ट जड अंतःकरणाने नोंदविली पाहिजे. इ. स. २०१९ च्या मे महिन्याच्या २४ तारखेस सुरतेच्या सरथाणा भागातील तक्षशिला आर्केड या इमारतीस आग लागली. वरच्या मजल्यावर शिकवणीचा वर्ग होता. २२ विद्यार्थी प्राणास मुकले. कित्येकांनी जीव वाचविण्यासाठी वरून उड्या टाकल्या. दुसऱ्याच दिवशी बारावीचा निकाल लागला. मृत मुलींपैकी काही त्यात उत्तीर्ण झाल्या होत्या. इ. स. १८३७ च्या आगीने सुरतेची घरे नेली आणि त्या राखेतून शाळा उभ्या राहिल्या. या आगीने शिकणारी मुलेच नेली. गुणांच्या चढाओढीत मुलांस कोठे व कशा जागी बसवितो, त्या जागेस दुसरा जिना आहे काय, एवढेही पाहण्याचे भान मोठ्यांस राहिले नाही. ज्यांस यशासाठी पळविले त्यांच्या जिवाची काळजी घेणे हे कोणत्याही बक्षिसाच्या आधीचे कर्तव्य आहे.

सुरतेच्या या इतिहासातून महाजन मंडळींनी घ्यावयाचा बोध सरळ आहे. आपल्या कुळातील मुलांचा गौरव अवश्य करावा. तो कुळधर्मच होय. परंतु जे पारितोषिक आपल्या आजोबांच्या किंवा आईच्या नावाने ठेवले जाते, त्यांतील निदान एखादे देवस्थानच्या गावातील कोणत्याही शाळेच्या कोणत्याही मुलामुलीस खुले असावे. महाजनांच्या यादीत ज्याचे आडनाव नाही, देवळाच्या आवारात ज्याचा बाप मोलमजुरीस येतो, परप्रांतातून पोटासाठी आलेल्या घरातील जी मुलगी आपल्या मुलांबरोबर एका बाकावर बसते, त्यांसही ते मिळू शकावे. मामा परमानंदांच्या मित्रांनी कोकणाबाहेर पाहिले नसते तर त्यांचे नाव सुरतेच्या हंसेच्या हाती गेले नसते. भाऊ दाजींचे पारितोषिक मांद्र्यापुरते ठेवले असते तर ते काण्यांपर्यंत पोहोचले नसते. देणाऱ्याच्या घरापासून बक्षीस जितके दूर जाते, तितकी त्या घराची कीर्ती दूर जाते.

देवापुढील दीप ज्याने लाविला त्याच्यापुरताच उजेड देत नाही. गाभाऱ्यात जो येईल त्यास तो दिसतो. विद्येच्या दीपाचेही तसेच आहे. यंदाच्या परीक्षांत यश मिळविलेल्या सर्व मुलामुलींस, आणि ज्यांचे यश अद्याप वाटेवर आहे त्यांसही, श्रीचरणी आयुरारोग्य व सद्बुद्धी लाभो, हीच प्रार्थना.